आवाज जितका बारीक

लाकूड पाण्यातून वर निघालं त्या दिवसापासून मस्तुराने नवऱ्याशी अबोला धरला होता. रमजानचा शेवटचा रोजा उजाडला, उद्याच्या ईदचा भात शिजवायला नारळाच्या पात्यांच्या चौकोनी पुड्या विणून दारात टांगल्या गेल्या, तरी तो सुटला नव्हता. सबराननेही तो सोडवायची घाई केली नव्हती. तो धक्क्यावर पाठ वाकवून बसला होता आणि लाकडाला वेत आवळत होता. मस्तुरा भांडी आपटत होती. एवढ्या वर्षांच्या संसारात त्या दोघांची अर्धी भांडणं अशीच, एकमेकांकडे पाठ करून झाली होती.

लाकूड म्हणजे घरची तोफ. सबरानच्या बापाने अख्खं झाड मधोमध चिरून, आतून कोरून, पुन्हा जोडून केलेली. लहान पोर आत सरपटत जाईल एवढी. वर्षभर ती घराच्या खांबांमध्ये नदीच्या चिखलात बुडवून ठेवायची, कारण उन्हात राहिली तर तडकते. ईद जवळ आली की गल्लीने मिळून ओढून काढायची, वेताने आवळायची, आणि चंद्र दिसल्याची खबर आली की समोरच्या काठाकडे तोंड करून डागायची. मग समोरचे आपल्याकडे डागतात. गोळा नसतो, नुसता आवाज. पण आवाज असा की कपाटातल्या बशा जागच्या जागी नाचतात. काठावरच्या प्रत्येक घराला आपलीच तोफ सगळ्यांत मोठ्याने वाजते असं वाटतं, आणि त्यावरून वर्षभर टोमणे चालतात.

यंदा मस्तुराचं म्हणणं एवढंच होतं की ती चिखलातच पडू द्या.

का, ते तिने कोणाला सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. सात महिन्यांपूर्वी तिची लेक हस्ना याच घरात बाळंत होताना गेली. पोर, नफीसा, वाचली. आणि हे शहर वसलं तेच मुळी बाळंतपणात गेलेल्या बायकांना तोफा डागून हाकलून, हे काठावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पहिला सुलतान आपल्या होड्या घेऊन दोन नद्या मिळतात तिथे आला, तेव्हा इथे नुसतं दलदलीतलं रान होतं. तिन्हीसांजेला रानातून बायकांचं रडणं ऐकू यायचं आणि नावाडी वल्ही टाकून खाली बसायचे. सुलतानाने तोफा लावल्या. रडणं थांबलं, गोळा पडला तिथे मशीद उभी राहिली, पलीकडे राजवाडा. आणि शहराला नाव मात्र त्या बायकांचंच पडलं. हाकललं त्यांना आणि पाटीवर लिहिलं त्यांनाच, असा हा आमच्याकडचा न्याय.

मस्तुराचा मुलगा फख्री शाळेत भूगोल शिकवायचा, आणि ही गोष्ट तो दरवर्षी वर्गात हसत हसत सांगायचा. भुतं कसली, चाचे असतील, नाहीतर रातपक्षी. दोन नद्यांचं तोंड ज्याच्या हाती त्याच्या हाती सगळा व्यापार, सुलतानाला ते नेमकं कळलं होतं, बाकी सगळं तिखटमीठ. हस्नाच्या मयताच्या वेळीही तोच पुढे झाला होता. सबरानची थोरली बहीण, जिला लहानथोर सगळे ‘लोंग’ म्हणजे नुसतं ‘थोरली’ म्हणतात, ती जुन्या रीतीप्रमाणे हस्नाच्या तळहातांत टोचायला सुया आणि काखेत ठेवायला अंडी घेऊन आली होती. अशी बाई मग उठत नाही, म्हणतात. फख्रीने आत्याला दारातच अडवलं, हे धर्मात बसत नाही म्हणून सुनावलं. लोंगने मस्तुराकडे पाहिलं. मस्तुराने हस्नाचे हात आपल्या हातांत झाकून घेतले. एवढं सोसलेल्या पोरीच्या हातात ती सुई खुपसू देणार नव्हती. लोंगने सुया पदरात गुंडाळल्या आणि पुन्हा तो विषय काढला नाही, पण आपल्या घरी जाताना मागे वळूनही पाहिलं नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी अजान झाली की नफीसाची झोळी आपोआप हलायची.

आधी मस्तुराला वाटलं, नदीवरचा वारा. मग एकदा वारा पडलेला असताना हलली. पोर आत पडल्या पडल्या वर बघून हसत होती, हात नाचवत होती. आणि कानाशी, अगदी कानाशी, कुणीतरी गुणगुणत होतं. इतकं बारीक की आपणच मनात म्हणतोय असं वाटावं. ते गाणं मस्तुराला ओळखीचं होतं. हस्ना कपडे वाळत घालताना तेच म्हणायची आणि तिसऱ्या ओळीपाशी थांबायची, पुढचे शब्द तिला कधी आठवले नाहीत. हे गुणगुणणंही तिथेच थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं.

या बायकांबद्दल काठावर सगळ्यांना एक गोष्ट माहीत असते: आवाज मोठा आला तर ती लांब आहे, बारीक आला तर जवळ. मस्तुरा घाबरली नाही. खरं सांगायचं तर ती त्या वेळेची वाट बघू लागली. दिवसभर राबायचं, आणि तिन्हीसांजेला झोळीपासून हातभर अंतरावर, भिंतीला टेकून बसायचं. झोळीला हात लावायचा नाही. मुलगी घरी आली आहे, तिला तिचं काम करू द्यायचं. यात काही वावगं आहे असं तिला वाटतच नव्हतं.

वावगं होतं ते नफीसाच्या अंगावर दिसत होतं. संध्याकाळपासून पोर बाटली तोंडात घेत नसे. पोट भरल्यासारखी ओठ मिटून घ्यायची आणि हसत राहायची. गाल बसले, मनगटं काटकुळी झाली. दवाखान्यातल्या बाईने वजन करून मान हलवली आणि दूध बदलून दिलं. तीन दुधं बदलून झाली.

लाकूड वर ओढलं त्या दिवशी गल्लीतले सगळे बाप्ये चिखलाच्या घाणीसाठी तयारच होते. दरवर्षी लाकडाच्या तोंडातून असा वास सुटतो की जेवण जात नाही. यंदा वास आला पांढऱ्या चाफ्याचा, कबरस्तानात लावतात त्या. माणसांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कधी नव्हे ते चेष्टा न करता दोर सोडून घरी गेली.

शेवटच्या रोज्याच्या दुपारी सगळे जमले ते असे.

लोंग सकाळच्या होडीने आली. हस्नाच्या मयतानंतर ती पहिल्यांदाच या घरात पाऊल टाकत होती. जावई हमदानी दोन दिवस आधीच बोटीवरून सुट्टी घेऊन आला होता. तो समुद्राकडच्या केतापांगचा. मालवाहू बोटीवर काम करायचा आणि महिन्यातून एकदा लेकीला भेटायला यायचा. मागच्या खेपेला त्याने फळ्यांवर ओल्या पावलांची रांग पाहिली होती, धक्क्यापासून झोळीपर्यंत आलेली. परत गेलेली नव्हती. त्यावर तो कोणाशी बोलला नाही, पण त्या दिवसापासून त्याने झोळीच्या खोलीत झोपणं सोडलं.

फख्रीने सगळ्यांना धक्क्यावर बोलावलं. वर्षातून दोनदा, काही दिवस, आमच्या शहरात भर दुपारी सावली नाहीशी होते. सूर्य बरोबर डोक्यावर येतो. यंदा ते दिवस ईदलाच गाठून आले होते. शाळेतली पोरं घेऊन तो विषुववृत्ताच्या स्तंभाकडे जायचा, तोच उत्साह इथेही. त्याने एक काठी फळीवर उभी धरली. काठीची सावली काठीच्या बुडात जिरून गेली. मग माणसांच्याही सावल्या आक्रसत पायाखाली गेल्या आणि धक्क्यावर पाच माणसं बिनसावलीची उभी राहिली. नफीसा हमदानीच्या कडेवर होती.

“बघा,” फख्री म्हणाला, “आत्ता आपल्यात कोण जिवंत आणि कोण नाही, ते सांगता यायचं नाही.”

त्याने थट्टा म्हणूनच म्हटलं होतं. पण कोणी हसलं नाही, कारण नफीसाने दोन्ही हात धक्क्याच्या टोकाकडे पसरले. तिथे, जिथून पाण्यात उतरायच्या पायऱ्या सुरू होतात, फळीवर एक सावली पडली होती. लांबलचक, संध्याकाळची असते तशी. बाईची, केस सोडलेल्या. सावलीच्या मुळाशी माणूस नव्हतं. ती हळूहळू घराच्या दिशेने सरकत आली. सबरानच्या हातातला वेत तसाच राहिला. मग सूर्य केसभर कलला, काठीच्या बुडातून काळी रेघ बाहेर आली, सगळ्यांना आपापल्या सावल्या परत मिळाल्या आणि ती एक दिसेनाशी झाली.

फख्रीने काठी खाली ठेवली.

घरात जाऊन सगळे दारं उघडी टाकून बसले. रोजा असल्यामुळे पाणीही प्यायची सोय नव्हती. बोलायला सुरुवात फख्रीनेच केली. तो म्हणाला, तोफ डागायची, आजच, आणि मी डागतो. आपलं चुकलं होतं, आत्याचं ऐकायला हवं होतं, पोरीचं काय होतंय ते दिसत असून आपण दुधाचे डबे बदलत बसलो. बोलता बोलता त्याचा आवाज चढला. मस्तुराने त्याला विचारलं, ज्या बहिणीने तुला सायकल शिकवली तिच्यावर डागणार का? तो मागे हटला नाही.

मस्तुराला वाटलं, आता लोंग त्याच्या बाजूने बोलेल आणि ‘मी म्हणत नव्हते’ म्हणून आपलं तोंड बंद करेल. तिने मनाची तयारी करून ठेवली होती. लोंग उठली आणि तिच्या शेजारी येऊन बसली.

“मी सुया आणल्या होत्या त्या तिच्यासाठीच आणल्या होत्या गं,” लोंग म्हणाली. “तिला असं भटकावं लागू नये म्हणून. मलाही टोचवल्या नसत्या. मी दारात अडले, तेव्हा मनातून सुटले होते.”

मस्तुराने सात महिने या बाईवर राग धरला होता. तो कुठे गेला ते तिला कळलं नाही. दोघी रडल्या. एकमेकींकडे न बघता, आपापल्या पदरात.

हमदानी तोवर दाराशी बसला होता. लेकीला मांडीवर घेऊन तिच्या पायातला वाळा फिरवत होता. तो म्हणाला, तोफ नको. तो मस्तुराच्या बाजूने बोलला याचं सगळ्यांनाच आश्चर्य वाटलं.

“मा, मी तिच्यावर तोफ डागू द्यायचा नाही,” तो म्हणाला. “माझी बायको आहे ती. तुम्ही तिला राहू द्या. मी नफीसाला घेऊन जातो, ईदची नमाज झाली की बोटीने. माझी आई सांभाळेल.”

मस्तुराला हवं तेच त्याने म्हटलं होतं आणि त्याच वाक्यात तिच्या हातातून सगळं काढून घेतलं होतं. नफीसा केतापांगला गेली तर जगेल. तोफ डागावी लागणार नाही. हस्ना या घरात राहील. तिन्हीसांजेला येईल, झोळी हलवेल. आत कोणी नसेल.

हा शेवटचा विचार मस्तुराला सोसवेना. पोर कुठे गेली म्हणून हस्ना खोल्याखोल्यांतून शोधत फिरेल. आपण भिंतीला टेकून ऐकत राहू, आणि तिला सांगताही यायचं नाही. किंवा शोधत शोधत ती नदीवरून खाली समुद्रापर्यंत जाईल, मग तिथेही पोर दूध पिणार नाही. मस्तुराला आपलाच राग आला. सात महिने ती मुलीला घरी ठेवून घेतेय असं समजत होती, आणि प्रत्यक्षात दोन्ही मुलींना उपाशी ठेवत होती.

ती उठून धक्क्यावर गेली. उन्हं उतरत होती. सबरान लाकडाच्या बुडाशी बसला होता. वेत केव्हाच आवळून झाला होता, तरी तो त्यावरून हात फिरवत होता. तोफेत घालायच्या कार्बाइडचा डबा पोटावर धरून ठेवला होता.

“डागणार होतात ना?” मस्तुराने विचारलं. लाकूड वर आल्यापासूनचं तिचं हे पहिलं वाक्य.

“नाही,” सबरान म्हणाला. “मला नाही जमायचं. हातांना काहीतरी काम हवं म्हणून आवळत होतो. मीही ऐकतो रोज. तू भिंतीच्या त्या बाजूला बसतेस, मी या बाजूला.”

तिला हे ठाऊक नव्हतं. एका घरात राहून, एका भिंतीला दोन बाजूंनी टेकून, दोघांनी एकमेकांपासून हे लपवलं होतं. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि अबोला तिथेच संपला.

मागून लोंग आली होती. तिने सबरानच्या हातातून डबा घेतला आणि मस्तुराकडे दिला. ती म्हणाली, सुलतानाने हाकललं त्या बायका त्याच्या कोणी नव्हत्या. परक्याने डागलं की त्या रागावून लांब जातात आणि पुन्हा फिरून येतात, म्हणून तर दरवर्षी डागावं लागतं. आपल्या माणसाने निरोप दिला तर गोष्ट वेगळी. लोंगला हे कोणी सांगितलं होतं की तिने त्याच क्षणी रचलं, हे विचारायची ती वेळ नव्हती.

अजान झाली. सगळ्यांनी खजूर तोंडात टाकले, पाणी प्यायलं. आमच्याकडे संध्याकाळ रेंगाळत नाही. नदीवरचं तांबूस पाणी बघता बघता काळं होतं. चंद्र दिसल्याची खबर आली आणि समोरच्या मशिदीतून तकबीर सुरू झाली, मग या काठाने ती उचलली. खोलीत झोळी हलायला लागली.

मस्तुरा एकटी आत गेली. बारीक गुणगुणणं चाललं होतं, कानाच्या पाळीला लागेल असं. पांढऱ्या चाफ्याचा वास होता. नफीसा वर बघून हसत होती. मस्तुरा म्हणाली, “हस्ना, बास आता. दमलीस. मी बघते तिच्याकडे. तू जा.”

गुणगुणणं थांबलं. तिसऱ्या ओळीपाशी नव्हे, मध्येच. झोळी मात्र हलत राहिली.

बाहेर सबरानने लाकडात पाणी ओतलं, फख्रीने कार्बाइडचे खडे टाकले आणि कान्यात, म्हणजे बत्ती द्यायच्या भोकात, कागदाचा बोळा कोंबला. आत वायू भरेपर्यंत थांबावं लागतं. घाई केली तर नुसतं फुसकं होतं. हमदानी दाराच्या चौकटीत उभा राहिला, डोळे मिटून. त्याने मग पुन्हा नको म्हटलं नाही. पहिला बार घरातल्या थोरल्या बाप्याने द्यायचा असतो. सबरानने पलिता पेटवला, आणि शेजारच्या धक्क्यांवरचे लोक बघत असताना बायकोच्या हातात दिला.

मस्तुराने बोळा काढला आणि कान्याला ज्योत लावली.

आवाज तिला ऐकू आलाच नाही, तो पायांतून वर चढला. धक्का उसळला. लाकडाच्या तोंडातून नदीवर पांढरा धूर झेपावला आणि घरातल्या बशा किणकिणल्या. काठ क्षणभर चिडीचूप झाला. समोरच्यांनीही उत्तर द्यायला उशीर केला.

त्या उशिरात ते ऐकू आलं. पलीकडून, राजवाड्याच्याही मागून, दुसरी नदी रानातून येऊन मिळते त्या बाजूने. मोठा, मोकळा, गळा काढून रडल्याचा आवाज. दोन्ही काठांवर पसरला. शेजारच्या धक्क्यावर कोणीतरी थट्टेने शीळ घातली आणि मध्येच थांबवली.

लोंगने मस्तुराचा दंड धरला. “मोठा आहे,” ती म्हणाली.

“हो,” मस्तुरा म्हणाली. “लांब गेली.”

मग समोरच्या तोफा सुरू झाल्या, एकामागून एक, आणि त्यात तो आवाज बुडून गेला. सबरान फळीवर खाली बसला आणि तोंड गुडघ्यांत घालून रडला. फख्री त्याच्याजवळ बसला. दुसरा बार भरायचं कोणाला सुचलं नाही.

घरातून नफीसाने टाहो फोडला. सात महिन्यांत तिन्हीसांजेला ती पहिल्यांदाच रडत होती. मस्तुरा आत धावली. झोळी लोंबत होती, अगदी स्थिर. चाफ्याचा वास गेला होता. खोलीत फक्त कार्बाइडचा उग्र दर्प आणि दुधाचा आंबूस वास होता. पोर लालबुंद होऊन, मुठी वळून, भुकेने ओरडत होती.

मस्तुराने तिला बाटली दिली. नफीसाने ती अशी ओढली की मस्तुराच्या बोटांना हिसका बसला. दूध सरसर खाली उतरलं. हमदानी दारातच खाली बसून बघत राहिला. बाटली संपल्यावर मस्तुराने पोरीला झोळीत ठेवलं आणि दोर हातात घेतला. हलवायचा सराव मोडला होता, पहिले झोके वेडेवाकडे गेले.

ती गुणगुणू लागली. पहिली ओळ, दुसरी. तिसऱ्या ओळीपाशी ती थांबली आणि सवयीने कान देऊन वाट पाहिली.

कोणी पुन्हा सुरू केलं नाही. मग तिने पुढची ओळ म्हटली. ती तिला येत होती. हस्नाला झोळीत घालताना तिनेच तर ती म्हटली होती.